स्टेडियमशेजारी मोठा प्रकल्प येतोय? इंग्लंडमधला प्लॅनिंगचा अर्ज कसा वाचायचा आणि आपलं म्हणणं कसं मांडायचं

काउन्सिलचं पत्र येतं किंवा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक लॅमिनेट केलेला कागद बांधलेला दिसतो, त्यावर लिहिलेलं असतं की स्टेडियमच्या आजूबाजूच्या जागेवर इतकी घरं, हॉटेल, ऑफिसं, दुकानं, नवा चौक असा मिक्स्ड-यूज प्रकल्प येतोय, तुमचं म्हणणं कळवा. मग आपण काउन्सिलची साइट उघडतो, तिथं शेकड्यांनी पीडीएफ पडलेल्या असतात आणि बहुतेक जण तिथंच हात टेकतात, नाहीतर 'आम्हाला हे नको' अशी एक ओळ टाकून मोकळे होतात. दोन्हीने काही हलत नाही. पण दोन-तीन संध्याकाळी नीट बसलात तर खरंच काहीतरी बदलून घेता येतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे बरं का, स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. चित्रात दिसतं ते बांधील नसतं. झाडाखाली बसलेले आजी-आजोबा, सायकलवरची मुलं, नवं क्लिनिक, स्टेशनचं चकचकीत दार, त्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'इलस्ट्रेटिव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त कल्पना यावी म्हणून. बिल्डरवर आणि क्लबवर बंधन येतं ते मंजूर झालेल्या ड्रॉइंगचं, परवानगीसोबतच्या कंडिशन्सचं म्हणजे अटींचं आणि सेक्शन १०६ च्या कराराचं, म्हणजे बिल्डरने काय द्यायचं आणि काय करायचं याबद्दल काउन्सिलशी केलेल्या कायदेशीर कराराचं. त्यामुळे अर्जात जे जे आवडलं आणि जे जे खटकलं त्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा, हे कुठल्या कंडिशनमध्ये आहे? नसेल तर ते यावं म्हणून मागणी करायची. सगळं काम याच एका प्रश्नाभोवती फिरतं.

अर्ज कुठल्या प्रकारचा आहे ते आधी बघा

असे मोठे अर्ज बहुतेक वेळा आउटलाइन किंवा हायब्रिड असतात. आउटलाइन म्हणजे तत्त्वतः परवानगी आधी घ्यायची आणि तपशील नंतर, आणि नंतरचे तपशील म्हणजे रिझर्व्ड मॅटर्स पाचच असतात: जागेत ये-जा कशी, मांडणी, आकारमान, बाह्यरूप आणि झाडं-मोकळी जागा. हायब्रिडमध्ये पहिला टप्पा, समजा स्टेडियमचा नवा स्टँड आणि दोन टॉवर, पूर्ण तपशिलात असतो आणि बाकी सगळं आउटलाइन. इथं लोकांची मोठी गफलत होते, त्यांना वाटतं आत्ता फक्त ढोबळ आहे, नंतर बोलू. तसं नसतं. किती घरं, किती उंच, किती चौरस मीटर दुकानं हे आत्ताच ठरतं, आणि रिझर्व्ड मॅटर्सच्या वेळी 'इतक्या उंच इमारती मुळातच नको' म्हणालात तर ऑफिसर सांगणार की ते केव्हाच मंजूर झालंय.

म्हणून सगळ्यात आधी पॅरामीटर प्लॅन उघडा. हे साधे रंगीत नकाशे असतात, दिसायला कंटाळवाणे, पण बांधील तेच. त्यातली उंची बघताना एक लक्षात ठेवा, ती बऱ्याचदा 'एओडी' अशी दिलेली असते म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेली, जमिनीपासून नाही. तुमचा रस्ता समुद्रसपाटीपासून १५ मीटरवर असेल आणि नकाशात कमाल ९० लिहिलं असेल तर इमारत ७५ मीटरची, म्हणजे साधारण २४ मजले. आणि हा आकडा कमाल असतो, चित्रातली इमारत त्याहून ठेंगणी दाखवलेली असली तरी परवानगी कमाल उंचीची मिळते. शेजारी डिझाइन कोड नावाचं डॉक्युमेंट असेल, त्यात 'मस्ट' कुठे आहे आणि 'शुड' कुठे आहे ते शोधा. 'मस्ट' असेल तर करावंच लागतं, 'शुड' असेल तर पळवाट राहते.

निर्णय कोण घेणार तेही बघून घ्या. साधारणपणे काउन्सिल घेतं, पण लंडनमध्ये १५० हून जास्त घरं असतील तर अर्ज मेयरकडेही जातो, दोनदा, एकदा सुरुवातीला आणि एकदा काउन्सिलने ठरवल्यावर. कधीकधी खास डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन असतं, स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कचं प्लॅनिंग कितीतरी वर्षं तिथल्या लेगसी कॉर्पोरेशनकडे होतं आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते परत आजूबाजूच्या बरोंकडे म्हणजे तिथल्या स्थानिक काउन्सिलांकडे आलं. चुकीच्या दारात पत्र टाकून उपयोग नाही.

मुदतीचं म्हणाल तर साध्या मोठ्या अर्जाला निदान २१ दिवस आणि सोबत पर्यावरणाचा अहवाल म्हणजे एन्व्हायर्न्मेंटल स्टेटमेंट असेल तर ३० दिवस, आणि स्टेडियमच्या आसपासच्या मोठ्या प्रकल्पांना तो बहुतेक असतोच. मुदत टळली तरी निर्णय होईपर्यंत आलेलं पत्र बरीच काउन्सिलं वाचतात, पण त्यावर विसंबू नका. काउन्सिलला निर्णयासाठी कागदोपत्री १३ किंवा १६ आठवडे असतात, प्रत्यक्षात दोन्ही बाजू मुदत वाढवून घेतात आणि मधेच सुधारित ड्रॉइंग येतात, तेव्हा अर्ज नंबर जपून ठेवा आणि दर आठवड्याला एकदा डोकावत राहा.

इव्हेंट डे, म्हणजे इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

साध्या गृहप्रकल्पात आणि यात हाच मोठा फरक आहे. रोजचा दिवस वेगळा आणि मॅचचा किंवा कॉन्सर्टचा दिवस वेगळा. ट्रान्सपोर्ट असेसमेंट उघडा आणि आधी बघा की हिशेब कुठल्या दिवसाचा केलाय. शनिवारी दुपारी ३ च्या मॅचचा हिशेब सोपा असतो. खरी परीक्षा कामाच्या दिवशी संध्याकाळी पावणेआठला किंवा आठला सुरू होणाऱ्या मॅचची, कारण ऑफिसातून घरी येणारे, नव्या टॉवरमधले रहिवासी आणि मॅचला येणारे असे तिघेही एकाच वेळी त्याच स्टेशनच्या जिन्यावर येतात, आणि रात्री दहाच्या सुमारास सगळं स्टेडियम एकदम सुटतं. वेम्ब्लीत ९०,००० माणसं बसतात, जवळ तीन स्टेशनं असूनही मॅच सुटल्यावर माणसं रांगेत थांबवून थांबवून सोडावी लागतात. आता त्याच वाटेवर हजारो नवी घरं आली की तिथल्या माणसाला बाळाची गाडी घेऊन घरी कसं पोचायचं, रुग्णवाहिका कुठून येणार, बस कुठे वळवणार, हे प्रश्न अर्जात कुणीतरी विचारलेत का ते बघा. गर्दीच्या वाटेची रुंदी किती धरलीय, आणि त्यात कॅफेची टेबलं, झाडांच्या कुंड्या, गाड्या घुसू नयेत म्हणून लावलेले खांब वजा केलेत का? हे नकाशावर स्वतः पट्टी ठेवून मोजा, पीडीएफमध्ये मोजायचं टूल असतं.

दुसरं म्हणजे इव्हेंटची संख्या. वर्षाला किती मॅच, किती कॉन्सर्ट, किती वाजेपर्यंत, यावर कंडिशन असते, आणि ती पुढे बदलता येते, सेक्शन ७३ खाली अर्ज करून. टॉटनहॅमच्या स्टेडियमला फुटबॉल सोडून इतर मोठ्या कार्यक्रमांची मर्यादा आधी वर्षाला १६ होती, ती हॅरिंगे काउन्सिलने नंतर ३० केली. म्हणून अर्जातला आजचा आकडा शेवटचा धरू नका. मागणी अशी करा की संख्या वाढवायची झाल्यास रस्ते बंद ठेवणं, साफसफाई, स्टुअर्ड, पार्किंगचा खर्च हे सगळं प्रत्येक इव्हेंटमागे क्लबने द्यावं आणि ते करारात लिहिलेलं असावं. स्टेडियमची प्रेक्षकक्षमता आणि सुरक्षितता ठरवणारं सेफ्टी सर्टिफिकेट मात्र वेगळ्या कायद्याखाली येतं, दारूचं लायसन्सही वेगळं, त्याबद्दल प्लॅनिंगच्या पत्रात लिहून जागा वाया घालवू नका.

स्टेशनबद्दल तर फारच जागरूक राहा. आर्सेनलचं नवं स्टेडियम २००६ मध्ये उघडलं, त्यासोबत होलोवे रोड स्टेशन मोठं करायचा विचार होता, पण बाजूला ठेवलेले पैसे प्रत्यक्ष कामाला पुरण्यासारखे नव्हते आणि ते काम झालंच नाही, स्टेडियम मात्र उभं राहिलं. तेव्हा 'स्टेशन सुधारणेसाठी योगदान' असं वाचून खूश होऊ नका. योगदान किती, एकूण खर्च किती, उरलेले कोण देणार, आणि काम झालं नाही तर काय? यावर उपाय आहे, त्याला ग्रॅम्पियन कंडिशन म्हणतात, म्हणजे अमुक काम पूर्ण होईपर्यंत तमुक सुरू करायचं नाही. असली कंडिशन मागा.

आवाज, उजेड आणि 'ई' वर्ग

जुन्या स्टेडियमशेजारी नवी घरं आली की 'एजंट ऑफ चेंज' तत्त्व लागू होतं, नवीन येणाऱ्याने आवाजाची काळजी घ्यायची, आधीपासून असलेल्या स्टेडियमवर नंतर बंधनं यायला नकोत. तत्त्व चांगलंच आहे, पण घरांसाठी त्याचा अर्थ बरेचदा असा होतो की खिडक्या बंद ठेवायच्या आणि यंत्राने हवा खेळवायची. मग उन्हाळ्यात त्याच घरात उकाडा किती होईल? नॉइज रिपोर्ट आणि ओव्हरहीटिंग रिपोर्ट शेजारी शेजारी उघडा, एकात खिडक्या बंद धरल्यात आणि दुसऱ्यात उघड्या धरल्यात का ते तपासा. हे दोन रिपोर्ट वेगवेगळ्या कन्सल्टंटनी लिहिलेले असतात, त्यामुळे विसंगती खरंच सापडते आणि ती ऑफिसरला दाखवली की तिला उत्तर द्यावंच लागतं.

उजेडाच्या रिपोर्टमध्ये शेवटी लांबच लांब तक्ते असतात, त्यात आपल्या इमारतीचं नाव शोधा. खिडकीवर पडणाऱ्या आकाशाच्या उजेडाचा आकडा २७ टक्क्यांच्या खाली जात असेल आणि आधीच्या ०.८ पटीहून कमी होत असेल तर फरक जाणवण्याइतका आहे असं या रिपोर्टसाठी वापरलं जाणारं बीआरई या संस्थेचं मार्गदर्शक मानतं. हा कायदा नाही, शहराच्या मध्यभागी काउन्सिल यापेक्षा कमीही चालवून घेतं, पण किती खिडक्या नापास आणि त्यातल्या किती मुलांच्या किंवा बैठकीच्या खोल्यांच्या हे आकड्यात सांगितलंत तर वजन पडतं. 'राइट टू लाइट' हा मात्र वेगळा, खाजगी हक्क आहे, तो प्लॅनिंग कमिटी ठरवत नाही.

आता दुकानांचं. सप्टेंबर २०२० पासून दुकान, कॅफे, जिम, ऑफिस, क्लिनिक, पाळणाघर हे सगळं एकाच 'ई' वर्गात टाकलंय, आणि एका वर्गातल्या वर्गात बदल करायला परवानगी लागत नाही. म्हणजे अर्जात तळमजल्यावर 'हेल्थ सेंटर' दाखवलंय आणि लिहिलंय फक्त 'क्लास ई', तर तिथं उद्या कॉफीचं दुकान येऊ शकतं आणि कुणी काही करू शकत नाही. डॉक्टर हवे असतील तर ती जागा क्लिनिकपुरतीच राहील अशी कंडिशन हवी आणि ती एनएचएसने घ्यायची तयारी दाखवलीय का तेही विचारा.

घरं परवडणारी कुणाला

'अफोर्डेबल' या एका शब्दात बरंच काही मावतं. सोशल रेंट सगळ्यात स्वस्त, 'अफोर्डेबल रेंट' बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि शेअर्ड ओनरशिपमध्ये भाग विकत घ्यायचा आणि उरलेल्यावर भाडं. तेव्हा टक्केवारी बघू नका, प्रत्येक प्रकारची किती घरं, किती बेडरूमची, ते बघा, आणि टक्केवारी घरांवर काढलीय की खोल्यांवर तेही.

स्टेडियमच्या प्रकल्पात एक युक्तिवाद हमखास येतो, घरं विकून स्टेडियम उभं राहणार, त्यामुळे अफोर्डेबल घरं परवडत नाहीत. कधी ते खरंही असतं. ब्रेंटफर्डचं १७,२५० आसनांचं स्टेडियम आणि प्लाउ लेनला एएफसी विम्बल्डन या फुटबॉल क्लबचं नवं मैदान, दोन्ही २०२० मध्ये उघडली आणि दोन्हींसोबत शेकडो फ्लॅट उभे राहिले, त्याशिवाय ते जमलं नसतं. मला स्वतःला वाटतं की लहान क्लब आपल्या वस्तीत टिकावा म्हणून थोडं पडतं घेणं रास्त आहे, पण मोठ्या श्रीमंत क्लबाने तोच सूर लावला तर हिशेब मागितलाच पाहिजे. तो हिशेब व्हायबिलिटी असेसमेंटमध्ये असतो. त्यात दोन आकडे शोधा, जमिनीची किंमत काय धरली आणि नफा किती टक्के. सरकारच्या मार्गदर्शनात एकूण विक्रीमूल्याच्या १५ ते २० टक्के नफा चालतो असं म्हटलंय. जमिनीची किंमत आजच्या वापरावर काढायची असते, उद्याच्या टॉवरच्या आशेवर नाही. आणि 'लेट स्टेज रिव्ह्यू' मागा, म्हणजे घरं अपेक्षेपेक्षा महाग विकली गेली तर वरच्या पैशातला वाटा अफोर्डेबल घरांना येतो.

जुनी काउन्सिल इस्टेट पाडायची असेल तर लंडनमध्ये आणखी एक धागा आहे, मेयरचे पैसे हवे असतील तर २०१८ पासून मोठ्या पाडकामाआधी तिथल्या रहिवाशांचं मतदान घ्यावं लागतं. ते झालंय का, आणि तेव्हा दिलेली वचनं या अर्जात उतरलीत का, हे विचारा.

पत्र कसं लिहायचं

काउन्सिलने निर्णय लोकल प्लॅननुसार, म्हणजे आपल्या भागासाठी ठरवलेल्या विकासाच्या धोरणांनुसार घ्यायचा असतो, वेगळं करायला सबळ प्लॅनिंगचं कारण लागतं. त्यामुळे 'माझ्या घराची किंमत पडेल', 'खिडकीतलं दृश्य जाईल', 'हा क्लब लोभी आहे' हे धरलं जात नाही. उजेड, आवाज, वाहतूक, खाजगीपणा, जुन्या वास्तू, झाडं, शाळा-दवाखान्यावरचा ताण हे धरलं जातं. एकाच मजकुराची २०० पत्रं पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांची दहा पत्रं जास्त कामाची, कारण ऑफिसर मुद्दे मोजतो, सह्या नाही. पत्र सार्वजनिक होतं, त्यामुळे आजारपण वगैरे खाजगी तपशील टाळा. पत्र इंग्रजीतच द्यायचं, पण आधी मराठीत मुद्दा नीट बांधा, साधारण असा:

'मी स्टेशन आणि स्टेडियम यांच्या मधल्या रस्त्यावर राहते. घरं यायला माझा विरोध नाही. ट्रान्सपोर्ट असेसमेंटमध्ये फक्त शनिवार दुपारच्या मॅचचा हिशेब आहे, कामाच्या दिवशी संध्याकाळच्या मॅचचा नाही. लोकल प्लॅनच्या वाहतुकीच्या धोरणानुसार तो आवश्यक आहे. तो मागवावा. तसंच स्टेशनचा दुसरा जिना सुरू होईपर्यंत २०० हून जास्त घरांत कुणी राहायला जाऊ नये अशी कंडिशन घालावी.'

बघा, यात पुरावा कुठला ते आहे, धोरण आहे, आणि काय हवं ते नेमकं आहे. धोरणाचा नंबर लोकल प्लॅनमधून काढून टाका आणि असेसमेंटचं पान लिहा. 'योग्य वेळी', 'शक्य तितकं', 'प्रयत्न करू' असले शब्द करारात दिसले की तिथं आकडा मागायचा, कितव्या घरानंतर, किती पौंड, कुठल्या तारखेपर्यंत. मागणी प्रकल्पाशी थेट जोडलेली आणि त्याच्या प्रमाणात हवी, नाहीतर कायद्याने ती मान्यच करता येत नाही, शेजारच्या गावातलं जुनं गटार दुरुस्त करून द्या असं क्लबला सांगता येत नाही.

मोठ्या अर्जाचा निर्णय काउन्सिलरांची प्लॅनिंग कमिटी घेते, तिच्या मीटिंगच्या आधी पाच कामकाजाचे दिवस ऑफिसरचा रिपोर्ट बाहेर येतो. तो संपूर्ण वाचा, विशेषतः शेवटच्या मसुदा कंडिशन्स, आणि आपला मुद्दा सुटला असेल तर वॉर्डच्या काउन्सिलरला त्याच दिवशी मेल करा. कमिटीत बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, वेळ बहुतेक ठिकाणी तीनेक मिनिटं आणि ती बरेचदा सगळ्या विरोधकांत मिळून. म्हणून शेजाऱ्यांनी मुद्दे वाटून घ्या. कमिटीच्या सदस्यांना 'नामंजूर करा' एवढंच सांगू नका, 'मंजूर करणार असाल तर ही कंडिशन अशी बदला' हेही सांगा, कारण नामंजूर झाल्यावर अर्जदार अपील करू शकतो, सहा महिन्यांच्या आत, आपल्याला मात्र मंजुरीविरुद्ध अपीलच नाही. आपल्याकडे फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू उरतो, तोही सहा आठवड्यांत, खर्चिक, आणि कोर्ट फक्त प्रक्रिया कायदेशीर होती का तेवढंच बघतं. मंत्र्यांनी फाइल मागवून घ्यावी अशी विनंती करता येते, पण तसं क्वचित होतं. एव्हर्टनच्या गोदीतल्या स्टेडियमबद्दल वारसा संस्थांनी खूप आवाज उठवला होता, तरी मार्च २०२१ मध्ये सरकारने हस्तक्षेप केला नाही आणि त्याच जुलैत युनेस्कोने लिव्हरपूलला जागतिक वारसा यादीतून काढलं.

मंजूर झालं म्हणजे संपलं असं नाही

कमिटीने हो म्हटलं तरी परवानगी हातात पडते ती सेक्शन १०६ वर सह्या झाल्यावर, मधे कधी महिने जातात आणि कराराचा मजकूर तेव्हाच घासाघीस होऊन ठरतो. मसुदा मागत राहा. परवानगी वापरलीच जाईल असंही नाही, चेल्सी क्लबला आपलं स्टॅमफर्ड ब्रिज स्टेडियम नव्याने बांधायला २०१७ मध्ये परवानगी मिळाली, २०१८ मध्ये क्लबने काम थांबवलं आणि २०२० मध्ये ती संपून गेली. सुरू झालं तर मात्र दहा-पंधरा वर्षं चालतं. त्या काळात बांधकाम आराखडा, ट्रकच्या वेळा (मॅचच्या दिवशी ट्रक बंद अशी अट असायला हवी), झाडांची योजना असे एकेक कंडिशन डिस्चार्जचे, म्हणजे अट पूर्ण झाली हे काउन्सिलकडून मान्य करून घेण्याचे अर्ज येत राहतात आणि त्याचं पत्र शेजाऱ्यांना बहुतेक येतच नाही. काउन्सिलच्या साइटवर पत्त्याचा अलर्ट लावा. 'सेक्शन ७३', '९६ए' (परवानगीत किरकोळ बदल) किंवा 'डीड ऑफ व्हेरिएशन' (१०६ च्या करारात बदल) दिसलं की लगेच उघडा, आधी मिळवलेलं तिथून कमी होतं.

आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत काउन्सिलला इन्फ्रास्ट्रक्चर फंडिंग स्टेटमेंट प्रसिद्ध करावं लागतं, त्यात १०६ चे पैसे किती आले, किती खर्च झाले, किती पडून आहेत ते असतं. आपल्या प्रकल्पाचं नाव त्यात शोधा. घरांची संख्या करारातल्या टप्प्याच्या पुढे गेली असेल आणि पैसे आलेले दिसत नसतील तर १०६ चं मॉनिटरिंग बघणाऱ्या ऑफिसरला कराराच्या कलमाचा नंबर घालून मेल करा, आणि कॉपी वॉर्ड काउन्सिलरला.